शब्दचर्चा : ‘क्लिपबोर्ड’ला मराठीत काय म्हणावं?

निपाणी : शाळेच्या संगणकवर्गासाठी मराठीत टिपणं काढतोय. कॉपीला ‘नक्कल’, पेस्टला ‘चिकटवणे’ लिहिलं. क्लिपबोर्डपाशी गाडी अडलीय. ‘फळा’ चालेल?

खानापूर : फळा नको. फळ्यावरचं दिसतं, हे दिसत नाही. कॉपी केलेलं ठेवायची मेमरीतली तात्पुरती जागा ती. नवीन कॉपी केलं की आधीचं गेलं. ‘चिकटवणे’ही पटत नाही. डिंक लावून चिकटवला की हातातला कागद संपला. इथं कंट्रोल-व्ही शंभरदा दाबा, मजकूर आहे तसाच. ‘डकवणे’ म्हणा.

शहापूर, बेळगाव : डकवणं म्हणजे तरी काय, खळ लावून चिकटवणंच की! इंग्रजीतही तेच कात्री-गोंद आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात कट-पेस्ट बसवलं, ते कागदाची कात्रणं चिकटवायच्या रीतीवरूनच.

माझं काम डीटीपीचं. जुन्या मराठी फॉन्टात जुळवलेली लग्नपत्रिका लोक कॉपी करून मेसेजमध्ये टाकतात, आणि ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरांचं कडबोळं बघून मलाच फोन! जुन्या कन्नड फॉन्टांचीही तीच रड. क्लिपबोर्डवर एकाच कॉपीचे दोन-तीन अवतार असतात : साधा मजकूर, फॉन्टसकट मजकूर, एचटीएमएल (वेबपानाचा साचा). समोरच्या ॲपला झेपेल तो उचलतं. वर्ड फॉन्टसकट घेतं, म्हणून मराठी दिसतं. मेसेजमध्ये साधा मजकूर जातो, आणि त्या फॉन्टांत साधा मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचेच क्रमांक. युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात, त्यात टाईप केलं की हा ताप नाही. फळा की पाटी यापेक्षा टिपणात हे घाला.

निपाणी : घालतो. आणि ‘कट’? फाईल कट करून पोरं पेस्ट करायचं विसरतात, मग फाईल गेली म्हणून रडतात.

खानापूर : विंडोजमध्ये फाईल पेस्ट होईपर्यंत जागची हलत नाही, नुसती पुसट दिसते. मजकूर मात्र लगेच उडतो. मध्ये दुसरं काही कॉपी केलंत तर केलेलं मागे घेणारं कंट्रोल-झेडच तारणार. विंडोज १० मध्ये २०१८ पासून विंडोज-व्हीची (विंडोजची कळ धरून व्ही) सोय आहे, आधीच्या २५ कॉपी सापडतात. आधी ती चालू करून ठेवावी लागते.

संकेश्वर : ‘चोप्यपस्ते’ कुणालाच आठवलं नाही? मराठी टायपिंग चालू ठेवून इंग्रजी स्पेलिंग बडवल्यावर जन्मलेला शब्द. पोरांना तोच आधी पाठ होईल.

निपाणी : क्लिपबोर्ड तसाच ठेवतो, पेस्टला डकवणे. पण कॉपीला नक्कलच. वर्गात ‘कॉपी करा’ म्हटलं की पोरं परीक्षेचंच समजतात.