तंजावरात अजून मराठी बोलतात काय? बाबांना घेऊन जायचं हाय

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. आमचे बाबा रिटायर्ड मास्तर, वय ७२, मोडी वाचता येते त्यांना. कुठंतरी वाचलंय त्यांनी की तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरलाय, तेव्हापासून रोज विचारालेत, कधी जायचं कधी जायचं. आमाला तमिळ एक अक्षर येत नाही, मराठी आणि कन्नडवर आयुष्य गेलं. तर तो शिलालेख खरंच बघाय मिळतो काय, गाडी कुठली, आणि तितं मराठी माणसं अजून मराठी बोलतात की फक्त आडनावं उरलीत? बाबांना दगडापेक्षा माणसांशी बोलायची हौस जास्त हाय.

निपाणीचा अण्णा:
जावा, बिनधास्त जावा. मी दोनदा गेलोय. आपल्याकडनं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू, तिथनं म्हैसूरहून मयिलाडुतुरैकडं जाणारी गाडी, ती सेलम, इरोड, तिरुची करत तंजावरला जाते. बाबांचं वय बघता बेंगळुरात एक दिवस थांबा, आणि त्यालाही अर्थ हाय, कारण ही सगळी गोष्ट बेंगळुरातनंच सुरू होते. शहाजीराजांची जहागीर तितं, तिचा कारभार त्यांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजांकडं आला आणि आदिलशाहीनं धाडलं म्हणून ते फौज घेऊन दक्षिणेला उतरले, ते १६७६ च्या सुमारास तंजावरचे राजे होऊन बसले. पुढं १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं तितं भोसल्यांची गादी होती, शेवटचे शिवाजीराजे पुत्र नसताना वारले आणि कंपनीनं राज्य घशात घातलं.

शिलालेख बघाय मिळतो, देवळाच्या आवारातच हाय. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला, देवनागरीत, भिंतभर ओळीच्या ओळी. देऊळ राजराज चोळाचं, १०१० ला पूर्ण झालेलं, आणि त्याच्या आवारात आठशे वर्षांनी आपली भाषा कोरलेली, मी तितं अर्धा तास नुसता उभा होतो. बाकी लोक शिखर बघून पुढं जातात, गाईडबी शिखराची सावली पडत नाही म्हणून सांगत सुटतो, ते खरं नाही, सावली पडते, मी बघितलीय. तुमी सकाळी लौकर जावा, दुपारी देऊळ बंद असतंय.

टिळकवाडीची अक्का:
माणसांचं मी सांगते. माझी मैत्रीण तिकडच्या घरात दिलेली, देशस्थ, तमिळ लोक त्यांना रायर म्हणतात. घरात मराठी बोलतात, अजून बोलतात, पण आपल्याला पहिल्यांदा ऐकताना वाटतं की कोण तमिळ सुरात पोथी वाचतंय. तिच्या सासूबाईंनी मला "बैसा" म्हटलं, आपल्याकडं बसा, तिकडं बैसा, मला तर माझी आजीच आठवली. लिहिताना मात्र त्यातल्या बऱ्याच जणांना देवनागरी येत नाही, मराठी शब्द तमिळ अक्षरात लिहितात, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आपणबी घरात मराठी आणि बाजारात कन्नड करतोच की, भाषा तोंडात राहिली हे मोठं.

आणि जेवण! उडदाच्या भाजलेल्या पिठाचं दह्यातलं डांगर, वांग्याची रसवांगी, कोशिंबिरीला तिकडं कोसुमल्ली म्हणतात. सांबार संभाजीराजांच्या नावावरनं पडलं असंही प्रत्येकजण सांगतो. त्या घरात पुरणपोळीबरोबर रसम वाढलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात होळीला कटाच्या आमटीबरोबर रसमबी असतं.

मोडीवाचक:
अक्का, सांबाराची ती गोष्ट फार गोड हाय पण त्याला कागदाचा आधार नाही. आधार असलेल्या गोष्टीच एवढ्या हायत की ऐकीव कशाला पायजे. शहाजी म्हणजे व्यंकोजींचे पुत्र, ते स्वतः मराठीत नाटकं लिहायचे, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभं केलं त्याच्या दीडशे वर्षं आधी. आणि फक्त मराठीत नाही, तेलुगूतबी. दरबारात तेलुगू, संस्कृत, तमिळ, मराठी सगळं एकाच वेळी चालायचं. तमिळ हरिकथेत आजबी साकी, दिंडी, ओवी ही आपली मराठी वृत्तं गातात, ती कीर्तनातनं गेलेली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव, त्रावणकोर आणि इंदूरचंही दिवाणपद सांभाळलेले, तेबी ह्याच तंजावरी मराठी मंडळींतले, जन्म कुंभकोणमचा.

तुमच्या बाबांना सरस्वती महाल दाखवल्याशिवाय परत आणू नका. ग्रंथालय नायक राजांच्या काळातलं, पण ते वाढवलं सरफोजींनी. काशीयात्रेला गेले तेव्हा तिथनं पोथ्या जमवून आणल्या. छापखाना काढला, देवनागरीत मराठी पुस्तक छापलं १८०६ मध्ये, तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती. डोळ्याच्या रोग्यांची चित्रं काढून उपचार नोंदवलेले कागद तितं हायत. आणि मोडीतले दरबारी कागद गठ्ठ्यांनी. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं त्यातल्या कागदांची तमिळ भाषांतरं छापलीत, म्हणजे आपल्या दप्तराची काळजी तमिळ माणसं घेतात, आणि आपल्याकडं मोडी वाचणारी माणसं म्हातारी होत चाललीत, ह्याचं मला फार वाईट वाटतं. प्रदर्शनाचा भाग पर्यटकांना खुला असतो, मूळ कागद हाताळाय मात्र आधी पत्र लिहून परवानगी मागा, बाबा मोडी वाचतात हे पत्रात लिहा.

मलप्रभाकाठ:
सगळ्यांचे लई आभार. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, मोडी गठ्ठ्यांचं ऐकल्यावर ते उठून आतनं जुनी वही घेऊन आले आणि किरटं अक्षर गिरवत बसलेत, हात थरथरतोय म्हणून सराव म्हणे. पत्र तेच लिहिणार हायत. अक्का, त्या सासूबाई भेटतील काय हो?

टिळकवाडीची अक्का:
मैत्रिणीला आत्ताच फोन केला. सासूबाई म्हणाल्या, मास्तरांना जेवायलाच घेऊन या, आणि येताना आपल्याकडचा कुंदा आणा.