भाकरी-पालेभाजी रोज, तरी हिमोग्लोबिन वाढेना

प्रश्न (विजापूर रोड, सोलापूर)
वहिनींचं वय 38, हिमोग्लोबिन 9.6. घर शाकाहारी. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगाची चटणी. जेवण उरकलं की लगेच चहा. जिना चढताना दम लागतो, आणि दुपारनंतर चिडचिड इतकी की पोरं जवळ जायला धजत नाहीत. आणखी काय खायला द्यावं?

उत्तर 1
आधी तो चहा हलवा. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं. धान्य-भाजीतलं लोह मुळातच थोडं शोषलं जातं, वर चहा ओतला की त्यातलंही निम्म्याहून जास्त वाया. जेवणाच्या आधी-नंतर निदान तासभर नको, चार वाजता खुशाल घ्या.

दुसरं लिंबू. अर्धी फोड ताटात, भाजीवर पिळायची. कढईत नाही, उकळीत क जीवनसत्त्व जातं. लिंबू नसेल तर एक पेरू.

भाकरीवर सगळी भिस्त नको. 70 ग्रॅम पिठाच्या भाकरीत लोह जेमतेम 3 मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत बाईची रोजची गरज 29 आहे.

उत्तर 2
भाकरी सोडू नका बरं, चांगलंच अन्न आहे. फक्त ज्वारी, शेंगदाणे आणि कडधान्य, तिन्हींत फायटेट असतं, तेही लोह अडवतं. म्हणून मटकीला मोड आणायचे: 8 तास भिजवा, पाणी ओतून टाका, ओल्या फडक्यात 12 तास. मोडाने फायटेट उतरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र मटकी बांधून विसरलात की बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो. मधे एकदा धुवून पुन्हा बांधा. तसा वास आला तर टाकून द्या.

उत्तर 3
वरचं सगळं बरोबर, पण 9.6 नुसत्या जेवणाने लवकर भरून येत नाही. बाईचं 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. डॉक्टरांना विचारून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी12 जीवनसत्त्व तपासा, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का तेही सांगा. लोह कमी पडलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. स्वभाव बिघडला म्हणून वहिनींना बोल लावू नका. बी12 कमी असेल तर हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी. अशा वेळी नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, नसांची हानी मात्र चालूच राहते.

प्रश्नकर्ता
लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली आहे. पोट बिघडू नये म्हणून दुधाबरोबर घेतात.

उत्तर 3
तिथेच गळती आहे. दुधातलं कॅल्शियम लोह अडवतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, पोटात जळजळलं तर थोडं खाऊन. कॅल्शियमची गोळीही असेल तर मधे 2 तास जाऊ द्या. शौचाला काळं होईल, ते गोळीमुळेच. घाबरून बंद करू नका. काळ्याबरोबर डांबरासारखं चिकट, दुर्गंधीचं दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.