लॉगिन न करता ठेवलेला संगणक वीस मिनिटांत झोपून जातो – मदत हवी आहे (नागपूर, वाचनालय)

नमस्कार मंडळी,

नागपुरात महाल भागात आमचं एक जुनं वाचनालय आहे. नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवारी तिथे जाते, आणि संगणकाचं काहीही अडलं की ते माझ्याकडे येतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही रजिस्टरं सोडून कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर आलो. एका डेस्कटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर कोहा. हॉलमध्ये वाचकांसाठी दोन जुने संगणक आहेत, त्यांच्या ब्राउझरमध्ये याच डेस्कटॉपवरची पुस्तकांची यादी दिसते. देवघेवीच्या टेबलावरही तेच.

सकाळी सातला शिपाईकाका कुलूप उघडतात आणि डेस्कटॉपचं बटण दाबतात. पासवर्ड त्यांच्याकडे नाही. त्या खात्यात सगळ्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, त्यामुळे तो कोणालाही द्यायचा नाही असं ठरलेलं आहे. ग्रंथपाल ताई येतात साडेआठला. तोवर डेस्कटॉप लॉगिनच्या पडद्यावरच असतो. कोहा काही लॉगिनची वाट बघत नाही, मशीन चालू झाली की आपोआप सुरू होतं. म्हणून सातला यादी छान उघडते, आणि थोड्या वेळाने सगळीकडून गायब. डेस्कटॉपजवळ जावं तर पंख्याचा आवाज बंद, पडदा काळा, बटणातला दिवा हळूहळू लुकलुकतोय. कीबोर्डची एक कळ दाबली की जागा होतो. थोड्या वेळाने परत तेच.

गेल्या रविवारी मी घड्याळ घेऊन बसले. लॉगिनचा पडदा ७ वाजून ४ मिनिटांनी आला, ७ वाजून २४ मिनिटांनी मशीन झोपली. उठवली, हात लावला नाही, पुन्हा बरोबर वीस मिनिटं.

सेटिंग्जमध्ये पॉवरच्या पानावर ऑटोमॅटिक सस्पेंड (मशीन आपोआप झोपणं) बंदच आहे, मी स्वतः केलंय. ताई लॉगिन करून बसल्या की दिवसभर काही होत नाही. त्यांनी लॉगआउट केलं की वीस मिनिटांत झोप. म्हणजे माझ्यासमोर ती माझं ऐकते, पण कोणीच नसताना ती कोणाचं ऐकते?

हे लवकर सुटावं असं मनापासून वाटतं. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा रोज सकाळी चालून येतात, खिशातल्या चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात इथे नऊनंतर बाहेर पडवत नाही, म्हणून ते लवकर येतात. त्या रविवारी ते चिठ्ठी हातात धरून हॉलमधल्या पडद्यासमोर उभे होते. मला म्हणाले, "आपल्याकडे नाही का हे पुस्तक?" पुस्तक होतं, मागच्याच कपाटात होतं.

दुसरा छोटा प्रश्न: दुपारी लाइट जाऊन आली की मशीन बंदच राहते. यावर काही करता येईल का?

प्रतिसाद १
विंडोज असतं तर सोपं होतं. तिथे पॉवर प्लॅन अख्ख्या मशीनला लागू असतो, लॉगिन असो वा नसो. स्लीप 'नेव्हर' करून टाकायचं. मात्र लॉक केलेल्या पडद्यावर मॉनिटर एका मिनिटात बंद होतो, ते सेटिंग वेगळं आणि लपवलेलं आहे. उबुंटूचं जाणकार सांगतील.

प्रतिसाद २
ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. लॉगिनचा पडदा हा स्वतंत्र वापरकर्ता आहे. तो जीडीएम नावाचा प्रोग्रॅम दाखवतो, त्याचं स्वतःचं खातं असतं आणि पॉवरची सेटिंग्जही स्वतःची. तुम्ही बदललं ते फक्त तुमच्या खात्यात. जीडीएमकडे मूळचे १२०० सेकंद तसेच राहिले, तीच तुमची वीस मिनिटं.

ईटीसी फोल्डरमध्ये जीडीएम३ फोल्डर आहे, त्यात 'ग्रीटर डॉट डीकॉन्फ-डिफॉल्ट्स' नावाची फाइल. टर्मिनलमधून सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) नॅनो या साध्या एडिटरमध्ये उघडा. आधी तिची एक प्रत काढून ठेवा. खाली 'स्लीप-इनॅक्टिव्ह-एसी-टाइमआउट' अशी ओळ दिसेल, समोर १२०० असेल. तिथे ० करा, शून्य म्हणजे कधीच नाही. ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) असेल तर काढा, नाहीतर ती ओळ वाचलीच जात नाही. मग मशीन रीस्टार्ट करा.

पडदा काळा होतो तो होऊ द्या. मॉनिटर बंद होणं आणि मशीन झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटर बंद राहिला तर वीजही वाचेल आणि कोहाला काही फरक पडणार नाही.

प्रतिसाद ३
सिस्टीमडी म्हणजे उबुंटूच्या सगळ्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम; त्यात स्लीप आणि सस्पेंड ही टार्गेट्स मास्क केली, म्हणजे पूर्ण अडवून टाकली, तर कोणत्याच खात्यातून मशीन झोपत नाही. पण मी आधी वरचाच उपाय करीन. मास्क केलेलं सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही, मग पुढचा माणूस डोकं धरून बसतो.

लाइटचं उत्तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये आहे. पॉवरच्या पानावर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशा नावाचा पर्याय शोधा, तो 'पॉवर ऑन' करा. लाइट आली की मशीन आपली आपण चालू होईल. पण एक छोटा यूपीएस (लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा बॅटरीचा डबा) घ्याच. डेटाबेस लिहिताना लाइट गेली तर नोंदी बिघडू शकतात, आणि रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जातोय ना, तेही बघा.

धागाकर्ती
मंडळी, खूप आभार. शनिवारी केलं आणि पहिल्यांदा जमलं नाही, पुन्हा वीस मिनिटांत झोप. फाइल परत उघडली तेव्हा दिसलं की टाइमआउटच्या ओळीचा हॅश मी काढला होता, पण तिच्या वर चौकटी कंसात पॉवरचं जे शीर्षक आहे त्याच्यासमोरचा तसाच होता. शीर्षकच वाचलं जात नसेल तर खालची ओळ कुठली लागू व्हायला! तो काढून रीस्टार्ट केलं.

आज सकाळी सातपासून साडेआठपर्यंत कोणीही लॉगिन केलं नाही. मॉनिटर काळा झाला, पण पंखा चालू होता, बटणातला दिवा स्थिर होता आणि हॉलमधली यादी एकदाही गेली नाही. बायोसचा पर्यायही सापडला. मेन स्विच बंद-चालू करून पाहिला, मशीन स्वतःहून उठली. यूपीएसचं पुढच्या बैठकीत मांडते. बॅकअप मात्र त्याच डिस्कवर जात होता, तो आजच बदलला.

फाइलमध्ये काय बदललं आणि का, हे एका कागदावर लिहून डेस्कटॉपच्या बाजूला चिकटवलं आहे. आजोबा आज आठला आले, यादीत पुस्तक सापडलं, घेऊन गेले.