मदत हवी आहे: टेक्ससमध्ये रानडुकराची शिकार, कमी खर्चात (फक्त मांसासाठी)

नमस्कार मंडळी,

डॅलसजवळ राहतो. आम्ही तिघे: मी रत्नागिरीचा, एक कोल्हापूरकर, एक गोंयकार. फेब्रुवारीत रानडुकराच्या शिकारीला जायचं घाटतंय. हौस कमी, फ्रीजर भरायचा हेतू जास्त. भिंतीवर सुळे टांगायचे नाहीत, मेलेल्या जनावरावर पाय ठेवून फोटो तर नकोच. सागोती हवी आहे. (शिकार योग्य की अयोग्य यावर कृपया वेगळा धागा काढा, तिथेही येईन.)

आजोळी रानडुकराच्या गोष्टी खूप ऐकल्या. हाकारे कोण होते, बार कुणाचा लागला, मुंडी कुणाच्या वाट्याला गेली. सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचं, त्यामुळे आमच्या ताटात नुसत्या गोष्टीच आल्या. इथे उलटा प्रकार. स्पॅनिश लोकांनी आणलेली डुकरं सुटून रानटी झाली, पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, दोन्हींचा संकर झाला. आज एकट्या टेक्ससमध्ये वीस लाखांच्या वर असावीत असा अंदाज आहे. शेतं नांगरल्यासारखी उकरून ठेवतात. ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. मग मांस स्वस्तात पडायला हवं ना?

तिथेच घोडं अडलंय. एका रँचला फोन केला तर माणशी २५० डॉलर, एका रात्रीचे, डुक्कर मिळो न मिळो. बंदुकीचं भाडं वेगळं, कापून पिशव्या भरून द्यायचे वेगळे. तिघांचं मिळून हजाराच्या आसपास जातं. त्यापेक्षा दुकानातलं पोर्क काय वाईट? आमचं बजेट तिघांत मिळून ४०० डॉलर, पेट्रोल धरून.

अनुभव म्हणाल तर मी एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे, तीही वीस वर्षांपूर्वी. गोंयकाराकडे ग्रीन कार्ड आणि स्वतःची रायफल आहे. आम्ही दोघे एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर २०१९ पासून डुकरासाठी लायसन्स लागत नाही असं वाचलं, म्हणजे तेवढे पैसे वाचले असं धरून चाललोय. बरोबर आहे ना? सरकारी जंगलात जावं की शेतकरी गाठावा? आणि गावाकडे पेंढा पेटवून केस जाळतात, कातडी ठेवतात, तसं इथे करता येईल का? कातडीशिवाय मजा नाही.

प्रतिसाद १

थांबा, लायसन्सचे पैसे अजिबात वाचवू नका! राज्याचा नियम तुम्ही लिहिलाय तो बरोबर आहे, पण बंदुकीचा कायदा केंद्राचा आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. मित्राची रायफल क्षणभर हातात घेतली तरी त्यात येतं. यातून सुटका देणाऱ्या मोजक्या अपवादांपैकी तुमच्या कामाचा एकच: जवळ वैध शिकार लायसन्स असणं. म्हणजे डुकरासाठी लायसन्स नको, पण तुमच्यासाठी हवं. टेक्ससमध्ये सहा महिन्यांहून जास्त सलग राहत असाल तर रहिवाशाचं लायसन्स २५ डॉलरला मिळतं. ते ३१ ऑगस्टला संपतं, ती तारीख लक्षात ठेवा. २ सप्टेंबर १९७१ नंतर किंवा त्या दिवशी जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो, मोठ्यांना तो ऑनलाइन करता येतो. २५ डॉलरसाठी ग्रीन कार्डाची रांग पणाला लावू नका. जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारून घ्या.

प्रतिसाद २

सरकारी जागेचा वार्षिक परवाना ४८ डॉलरचा, लायसन्सवर आणखी. सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्टमध्ये डुकरं आहेत, पण तिथे आमिषाला मका टाकून बसता येत नाही, रात्री शिकार नाही, आणि नवख्याला दिवसा डुक्कर दिसणं कठीण. मी दोन खेपा नुसता चालून आलो. पायाचा व्यायाम झाला.

त्यापेक्षा शेतकऱ्याशी ओळख काढा. अनोळखी माणसाला बंदूक घेऊन शेतात कोण सोडेल? पण बरेच जण पिंजरे लावतात आणि पिंजऱ्यात एकदम दहा-बारा सापडली की त्यांनाच विल्हेवाटीचा प्रश्न पडतो. आम्ही एकाचं कुंपण दुरुस्त करून दिलं, तेव्हापासून तो स्वतः फोन करतो. मात्र जिवंत डुक्कर गाडीत घालून घरी आणू नका, त्यावर कडक नियम आहेत. आणि शिकारीचं मांस विकायचं नाही, मित्राकडून ‘खर्चापुरते’ घेऊनही नाही.

मादी घ्या, ४०-४५ किलोच्या आतली. मोठा सुळेवाला नर शिजायला लागला की अख्खी गल्ली ओळखते.

प्रतिसाद ३

पेंढ्याचं मी करून पाहिलंय. इथे पेंढ्याऐवजी प्रोपेन गॅसचा टॉर्च घ्या, जळलेलं सुरीने खरवडा, गरम पाण्याने धुवा, पुन्हा भाजा. पिल्लू असेल तर सुंदर होतं. मोठ्याला तास-दीड तास जातो आणि तेवढ्यात आत उष्णता राहते, म्हणून आधी पोट साफ करून घ्या. आतडी आणि मूत्राशय फुटू देऊ नका. नंतर भरपूर बर्फ, आणि कूलरचं बूच उघडं ठेवा, मांस पाण्यात डुंबायला नको.

हातमोजे दोन-दोन घाला. या डुकरांत ब्रुसेला नावाचा जीवाणू असतो, हातावरच्या छोट्या जखमेतून जातो आणि महिनोन्महिने ताप देतो. फ्रीजरमध्ये ठेवल्याने तो मरेल असं समजू नका. ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा, थर्मामीटर लावून. मालवणी वाटप घालून तास-दोन तास रटरटवणार असाल तर प्रश्नच नाही, पण बार्बेक्यूवर गुलाबी ठेवायचा मोह टाळा. आतडी कुत्र्याला कच्ची घालू नका.

धागाकर्ता

प्रतिसाद १, तुमचे उपकार. आम्ही त्या रायफलने पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणार होतो, ते लायसन्स हातात येईपर्यंत रद्द. कोर्सला आज दोघांनी नावं नोंदवली. कुंपणाची कल्पना कोल्हापूरकराला फार आवडली, शेतातलाच गडी आहे तो. बायको म्हणते रानडुक्कर चालेल, पण शिजवायचं परसात, वेगळ्या टोपात.

डॅलसच्या दक्षिणेला कुणाच्या ओळखीचा शेतकरी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडीत एक जागा आहे, कूलर मात्र आपापला आणावा.