उच्च रक्तदाब : साध्या मिठाऐवजी सैंधव चालेल का?

प्रश्न
आईला (वय 61) नुकतेच उच्च रक्तदाबाचे निदान झाले असून टेल्मिसार्टनची गोळी सुरू आहे. मीठ कमी करायला सांगितल्यामुळे तिने सैंधव आणले, मात्र भाजी-आमटीतले प्रमाण तेवढेच ठेवले आहे. घरच्या यंत्रावर सकाळी एक आणि दुपारी भलताच आकडा आला की ती धास्तावते. सैंधवाने फरक पडतो का, आणि कोणता आकडा खरा मानावा?

प्रतिसाद 1
सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि त्याबरोबर धमन्यांवरचा दाबही; मीठ पांढरे आहे की गुलाबी, याचा त्याच्याशी संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, आणि त्यात सगळेच आले. माझ्या मते आपल्याकडे खरी गोम पानाच्या डाव्या बाजूला असते. आमटी कितीही अळणी केली तरी लोणच्याची फोड, सांडगी मिरची आणि पापड रोज पानात असतील, तर उपयोग काय? पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. आधी ही डावी बाजू आवरा. कोशिंबिरीला लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड लावली, तर मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

प्रतिसाद 2
आकड्यांविषयी : मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीत बांधावा आणि मोजताना बोलू नये. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून आठवडाभराच्या नोंदी वहीत लिहाव्यात व त्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवावी. दवाखान्यात 140/90 ही सीमा मानतात, तर घरच्या सरासरीसाठी 135/85.

प्रतिसाद 3
एक कळकळीची सूचना. 'लो सोडियम' मिठात सोडियमऐवजी काही प्रमाणात पोटॅशियम असते. टेल्मिसार्टनमुळेही रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, त्यामुळे, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असल्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ आणू नका. गुडघेदुखीसाठी त्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असतील तर तेही सांगा, कारण या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. आणि आकडे आटोक्यात आले म्हणून गोळी परस्पर बंद करू देऊ नका. बहुधा ते गोळीमुळेच आटोक्यात आलेले असतात.