वेस्ट हेडचा बुशवॉक : रेझोल्यूट बीचवर उतरून लुकआउटवर चढायचं, आईबाबांना जमेल का?

मेघना_पॅरामॅटा

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आईबाबा सिडनीला येतायत. ऑपेरा हाउस, ब्लू माउंटन्स वगैरे मागच्या खेपेला झालं. या वेळी बाबांनी फोनवरच सांगून ठेवलंय, "गाडीतून दाखवू नकोस, चालायला ने." बाबा ६८ वर्षांचे आहेत, रोज तासभर भराभर चालतात, आणि तरुणपणी किल्ले पुष्कळ केलेत. आईचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर काही त्रास नाही, पायऱ्या उतरताना मात्र कळ येते. शिवाय आमचा नऊ वर्षांचा मुलगा सोबत असेल.

कुरिंगगाई चेस नॅशनल पार्कमधल्या वेस्ट हेडबद्दल ऑफिसमध्ये ऐकलं. खाली शांत किनारा आणि वर लुकआउट, दोन्ही एका दिवसात होतं म्हणे. आमच्याकडे गाडी आहे. मला विचारायचंय ते असं : आधी लुकआउट की आधी बीच? आईला अजिबात न्यायचंच नाही का? आणि सापांची कितपत काळजी करायची? नवरा म्हणतो थंडीत साप नसतात, पण मला खात्री हवी आहे.

वाटसरू_पिटवॉटर

मेघना, जरूर न्या, आणि जुलै आहे म्हणून तर नक्कीच न्या. या वाटेवर मी वर्षाच्या सगळ्या ऋतूंत गेलोय. उन्हाळ्यात दगड तापतात, वारा पडलेला असतो आणि वणव्याच्या धोक्यामुळे पार्क कधीही बंद होऊ शकतं. हिवाळ्यात हवा कोरडी, ऊन कोवळं, आणि चढावर दम लागला तरी जीव घाबरा होत नाही.

आधी दिशेबद्दल सांगतो, कारण तुमच्या सगळ्या दिवसाचं गणित त्यावर आहे. सह्याद्रीत आपण आधी चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथे गाडी वर पठारावर लागते आणि समुद्र खाली असतो, म्हणजे ताजे असताना उतरायचं आणि दमल्यावर चढायचं. बाबांना हे निघण्यापूर्वीच सांगा. किल्ले केलेला माणूस उतार दिसला की वेग घेतो, आणि परतीची ताकद तिथेच खर्चून बसतो.

गाडी रेझोल्यूट पिकनिक ग्राउंडला लावा. तिथे टेबलं आहेत, स्वच्छतागृह आहे. तिथून रेड हँड्सच्या वाटेने निघायचं, मग रेझोल्यूट बीच, मग पिटवॉटर खाडीच्या कडेकडेने वेस्ट हेड बीचच्या बाजूला, आणि शेवटी चढून लुकआउट. लुकआउटवरून डांबरी रस्त्याने पिकनिक ग्राउंडला परत यायला फार चालावं लागत नाही. सगळी फेरी साडेचार किलोमीटरच्या आसपास भरते. आकडा लहान वाटतो, पण मुलगा आणि आजोबा बरोबर असताना चार तास हाताशी ठेवा.

हीच दिशा का, तर वेस्ट हेड बीच आणि लुकआउट यांच्यामधला टप्पा सगळ्यात खडा आहे. दगडी पायऱ्या उंच आहेत, एकसारख्या नाहीत, आणि पाऊस झाला असेल तर ओल्या पानांवरून पाय सरकतो. असा टप्पा उतरण्यापेक्षा चढलेला बरा, गुडघ्यालाही आणि तोल सांभाळायलाही. दुसरं कारण उन्हाचं. रेझोल्यूट बीच पूर्वेला तोंड करून आहे. जुलैत दुपार कलली की पाठीमागच्या डोंगराची सावली वाळूवर येते आणि गारठा जाणवायला लागतो. सकाळी तिथे छान ऊन असतं. लुकआउटचं याच्या उलट : दुपारनंतर सूर्य पाठीशी असतो आणि समोरचं बॅरनजोईचं टोक उजळून निघतं. सकाळी बीच, दुपारी लुकआउट, यात बदल करू नका.

रेड हँड्सला घाई करू नका. वाटेवरच एक कपारीसारखा दगडी आडोसा आहे, त्याच्या भिंतीवर गेरूने उमटवलेले हातांचे ठसे आहेत. इथल्या मूळ रहिवाशांनी ते ठेवलेत, आणि त्यांच्या वंशजांसाठी ती आजही आपल्या माणसांची जागा आहे. मुलाला आधीच सांगा, हात लावायचा नाही. बोटांच्या तेलकटपणाने रंग खराब होतो. थोडं लांब उभं राहून, डोळे सावलीला सरावले की ठसे एकेक करून दिसायला लागतात. मला या वाटेवर सगळ्यात मोलाची हीच जागा वाटते, समुद्रापेक्षाही.

पुढे उतरताना दोन्ही बाजूंना गुळगुळीत बुंध्यांची अँगोफोराची झाडं लागतील. काही तर सरळ दगडावरून ओघळल्यासारखी वाढलीत. जुलैत बँक्सियाचे केशरी तुरे फुललेले असतात, त्यांच्यावर मध पिणाऱ्या पक्ष्यांची सतत ये-जा चालते. आणि कान उघडे ठेवा. हिवाळा हा लायरबर्डच्या विणीचा काळ. नर एका जागी उभा राहून दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, कूकाबरा झाला की लगेच काकाकुवा, मग आणखी कोणी. एकाच झुडपातून चार-पाच पक्षी बोलतायत असं वाटलं तर थांबा, तो बहुतेक एकटाच असतो.

रेझोल्यूट बीच लहानसा आहे. दुकान नाही, जीवरक्षक नाहीत, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पाणी माणशी किमान दोन लिटर वरूनच न्या. पिटवॉटरच्या आतल्या बाजूला असल्यामुळे इथे उघड्या समुद्रासारख्या लाटा येत नाहीत. मुलाला घोटाभर पाण्यात खेळू द्या. शंख-शिंपले पाहून तिथेच ठेवायचे, नॅशनल पार्कातून काही उचलायला परवानगी नाही.

आता आई. त्यांना अजिबात घरी ठेवू नका. सकाळी सगळ्यांबरोबर पिकनिक ग्राउंडला येऊ द्या, आणि गुडघा बरा असेल तर रेड हँड्सपर्यंत चालू द्या, तो टप्पा छोटा आहे. तिथून तुम्ही किंवा तुमचे यजमान, कोणीतरी एकाने त्यांच्याबरोबर परत फिरायचं आणि गाडीने लुकआउटला जायचं. पार्किंगपासून लुकआउट अगदी जवळ आहे. बाकीची मंडळी खालून चढून येतील तेव्हा आई वर बसलेल्या असतील, आणि परतीचं रस्त्यावरचं चालणंही वाचेल. नातवाला चढताना आजी वर वाट बघतेय हे माहीत असलं की पाय आपोआप चालतात.

लुकआउटवर काय पाहायचं ते बाबांसाठी लिहितो, कारण किल्लेवाल्या माणसाला नुसतं "छान दृश्य" पुरत नाही. समोर उजव्या हाताला बॅरनजोईचं टोक, त्यावर वालुकाश्मात बांधलेलं १८८१ सालचं दीपगृह. ते टोक पाम बीचला वाळूच्या अरुंद पट्टीने जोडलेलं आहे, वरून ती पट्टी स्पष्ट दिसते. उजवीकडे आत शिरलेलं पाणी म्हणजे पिटवॉटर. गव्हर्नर आर्थर फिलिप १७८८ मध्ये बोटीने इथे आला होता, आणि तेव्हाचा ब्रिटिश पंतप्रधान विल्यम पिट याचं नाव त्याने या पाण्याला दिलं. डावीकडून हॉक्सबरी नदी येते. मधोमध बसलेल्या सिंहासारखं दिसतं ते लायन आयलंड. त्यावर लहान पेंग्विनांची वस्ती आहे, म्हणून तिथे उतरायला बंदी आहे. बाबांना विचारा, ही खाडी राखायची तर तोफा कुठे ठेवाल? दुसऱ्या महायुद्धात सैन्याला नेमकं हेच टोक योग्य वाटलं. १९४१ मध्ये इथे तोफखाना उभारला गेला, कारण हॉक्सबरीच्या तोंडातून कोणी आत शिरला तर पुढे नदीवरचा रेल्वेपूल होता.

साप थंडीत कमी दिसतात, पण अजिबात नसतात असं धरून चालू नका. उन्हं आली की ते दगडावर शेकायला येतात. बंद बूट घाला, वाट सोडू नका, आणि जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका. एवढं पाळलं तर घाबरायचं काही कारण नाही.

गाडीमागे दिवसाला १२ डॉलर प्रवेश आहे. पार्कचं गेट संध्याकाळी बंद होतं, वेळ आत शिरतानाच पाटीवर वाचून ठेवा. जुलैत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे तीनपर्यंत सगळे लुकआउटवर पोचलेले असावेत. निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क्सच्या साइटवर सूचना बघा. कधी पायऱ्यांची दुरुस्ती, कधी मोठा वणवा टाळायला मुद्दाम केलेली नियोजित जाळणी, वाट बंद असू शकते.

सुलेखा_मँली

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी भर घालते. वेस्ट हेडला बस जात नाही. पण मँलीहून १९९ नंबरची बस पाम बीचला जाते, तिथून छोटी फेरीबोट पिटवॉटर ओलांडून ग्रेट मॅकरल बीचला सोडते, आणि तिथून चढून रेझोल्यूटच्या वाटेला लागता येतं. आम्ही मैत्रिणी असंच जातो. फेरीबोटीतून बॅरनजोई खालून दिसतं आणि मग चढून वरून, मला ते फार आवडतं. फक्त परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघा, ती चुकली तर पंचाईत होते. मेघना, तुमच्या आईंना मात्र हा मार्ग नको, सुरुवातच खड्या चढाने होते.

आणि बाबांसाठी दोन ट्रेकिंग पोल घेऊनच जा. "मला काठी कशाला" म्हणतील. उतरायला लागल्यावर द्या, तेव्हा घेतात.

मेघना_पॅरामॅटा

किती सविस्तर लिहिलंत! आईला दुपारी लुकआउटवर भेटायचं ही कल्पना घरी सगळ्यांना पटली, तिला तर सगळ्यात जास्त. तीन शंका राहिल्या. मैत्रीण म्हणाली तिकडे गोचिडी फार, आणि त्या चावल्या की मांसाची ॲलर्जी होते. हे खरं आहे का? आणि साप चावलाच तर बँडेज नेमका कसा बांधतात? बाबांना तोफखान्याचे अवशेषही बघायचेत, ते त्याच दिवशी होईल?

वाटसरू_पिटवॉटर

गोचिडीचं खरं आहे. इथल्या पूर्व किनाऱ्यावर पॅरालिसिस टिक नावाची गोचीड असते, आणि तिच्या चाव्यानंतर काही जणांना लाल मांसाची ॲलर्जी झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. सगळ्यांना होत नाही. त्यांचा जोर वसंतात जास्त असतो, पण ही काळजी बारा महिने घ्यायची : लांब पँट, मोजे पँटच्या वर, आणि घरी आल्यावर कानामागे, मानेवर, केसांत तपासायचं, मुलाचं आधी. अंगाला चिकटलेली दिसली तर बोटांनी चिमटीत धरून ओढू नका. दाबली गेली तर तिची लाळ आणखी आत जाते. औषधाच्या दुकानात गोचीड जागच्या जागी गोठवणारा ईथरचा स्प्रे मिळतो, तो मारायचा आणि ती आपणहून गळू द्यायची. चाव्यानंतर अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर लगेच ००० या आपत्कालीन नंबरवर फोन.

बँडेज रुंद, लवचिक आणि लांब हवा, दोन घ्या. चावलेली जागा धुवायची नाही, कारण कोणता साप ते ओळखायला तिथलं विष उपयोगी पडतं. चाव्यावरून सुरुवात करून पूर्ण हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितका घट्ट. मग काठीचा आधार देऊन तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि माणसाला एक पाऊलही चालवायचं नाही. मदत तिथे येते. फोनवर इमर्जन्सी प्लस हे ॲप टाकून ठेवा, त्यात तुमचं ठिकाण दिसतं आणि ते ०००वाल्यांना वाचून दाखवता येतं. रेंज नसेल याचा विचार करून, कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार हे घरी कोणाला तरी सांगून निघा.

तोफखान्याची वाट लुकआउटजवळूनच खाली उतरते आणि ती बरीच खडी आहे. बीचची फेरी करून आल्यावर त्याच दिवशी बाबांना तिथे उतरवू नका. त्यासाठी वेगळी सकाळ काढा, थेट लुकआउटला गाडी लावा, म्हणजे आईंनाही पुन्हा यायला मिळेल.