डोंगराळ भागातली प्राचीन गुरं: विविधतेचा आकडा कितपत धरायचा?

प्रश्न (रानगवा): समजा, आल्प्समधल्या एका गुहेतल्या नवाश्मयुगीन गुरांच्या १२ हाडांमधून मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला डी-लूप (झपाट्याने बदलणारा तुकडा) वाचला. हॅप्लोटाइप (वेगवेगळे अक्षरक्रम) ६, १२ नमुन्यांची त्यांत विभागणी ४-३-२-१-१-१, विविधता (कोणतेही दोन नमुने वेगळे निघण्याची शक्यता) ०.८५. सगळे टी३ गटातले (आईकडून चालत आलेला एक वंशगट). एकेकट्या नमुन्यांपैकी दोन मुख्य हॅप्लोटाइपपेक्षा एकाच अक्षराने वेगळे. कळप खरंच इतका मिश्र होता, असं म्हणता येईल?

जुनंहाड: एवढ्यावर नाही. ते एक अक्षर कुठलं ते आधी बघा. सीच्या (सायटोसिन) जागी टी किंवा जीच्या जागी ए असेल तर संशय घ्याच. जनावर मेल्यावर सायटोसिनचा अमिनो गट गळतो, त्याचं युरॅसिल होतं आणि वाचताना ते टी दिसतं (समोरच्या साखळीवर तेच जीच्या जागी ए). तुकड्यांच्या टोकांना हे सर्वांत जास्त. त्याच हाडातून दुसऱ्यांदा डीएनए काढा, लायब्ररीला (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए) यूडीजी हे युरॅसिल काढणारं एन्झाइम द्या; बदल गेला तर ती झीज होती. ते दोन मुख्य हॅप्लोटाइपमध्ये गेले की विभागणी ६-३-२-१ होते आणि विविधता थेट ०.७१ वर येते. नमुने इतके कमी असले की दोन चुकाही पुरतात.

काळवीट: शिवाय १२ हाडं म्हणजे १२ गुरं नव्हेत. आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड घ्या, तेही फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूचं, म्हणजे एकच जनावर दोनदा मोजलं जात नाही. ड्रिल हळू फिरवा, हाड तापलं की डीएनए तुटतो. सुमारे ५० मिलिग्रॅम पावडर पुरते. प्रत्येक हाडाचं वय ठरवायला कार्बन-१४ही करा. वेगवेगळ्या शतकांतले कळप एकत्र मोजले तर विविधता फुगते.

रानगवा: आणि सगळे टी३, हे खटकण्यासारखं आहे का?

जुनंहाड: नाही, युरोपात तोच गट सर्वाधिक. पण म्हणूनच भेसळ ओळखू येत नाही: आजच्या गाईचा डीएनए शिरला तरी तोही बहुधा टी३च निघतो. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) घालतात तो बीएसए हा प्रथिन-पदार्थ मुळात गाईच्याच रक्तातला, ही गुरांच्या कामातली खास डोकेदुखी. हाडाशिवायचा कोरा नमुना प्रत्येक खेपेला सुरुवातीपासून सिक्वेन्सिंगपर्यंत न्या.

काळवीट: रानगुरांशी (ऑरॉक्स, पाळीव गुरांचे जंगली पूर्वज) संकर झाला होता का, हेही यावरून ठरत नाही. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो. रानगाय कळपात आली असती तर रानगुरांचा पी गट दिसू शकला असता. रानबैलाचा मात्र इथे मागमूस राहत नाही. त्यासाठी केंद्रकातला डीएनए वाचावा लागेल.